अठ्ठेचाळीस मिनिटांतली दहा मिनिटे

सकाळच्या पहिल्या लेक्चरला वांगणी-बदलापूरहून गर्दीची लोकल पकडून आलेली मुले असतात, आणि दुपारी एमआयडीसीत किंवा दुकानात कामाला जाणारीही असतात. अंबरनाथ पश्चिमेपासून उल्हासनगरपर्यंत बहुतेक कॉलेजांत चित्र हेच. अशा वर्गात नवे अॅप आणले की आठ दिवस मजा वाटते. मग कुणाचा डेटा संपतो, कुणाचे चार्जिंग, आणि मागच्या बाकांवर पुन्हा रील्स सुरू होतात. म्हणून माझा सल्ला असा, की सगळे लेक्चर बदलायच्या फंदात पडू नका. ४८ मिनिटांतली दहा मिनिटे मुलांच्या ताब्यात द्या, पण ती रोज द्या.

पवईच्या आयआयटी मुंबईत श्रीधर अय्यर, सहना मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिले आहे. पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या भल्यामोठ्या वर्गात आधी एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचे, मग वर्गाला सांगायचे, अशी ती रीत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अशा वेळी सरासरी ८३ टक्के मुले कामात गुंतलेली दिसली. 'सर, ती आयआयटीची मुले!' हा आक्षेप ठरलेला असतो. पण २०१४ मध्ये अमेरिकेत विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा मुलांना बोलते-करते ठेवणाऱ्या वर्गांच्या तुलनेत नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याची शक्यता दीडपट आढळली. आणि या रीतीला लागते काय, तर एक चांगला प्रश्न.

तेव्हा सुरुवात प्रश्नापासून. व्याख्या विचारणारा प्रश्न कामाचा नाही, त्याचे उत्तर गाइडमध्ये असते. मुले हमखास जिथे अडखळतात तिथला प्रश्न घ्या. अर्थशास्त्रात मागणीचा विस्तार आणि मागणीतील वृद्धी यांची गल्लत दरवर्षी होते. फळ्यावर लिहा: 'दिवाळीच्या तोंडावर उल्हासनगरच्या बाजारात जीन्सची विक्री वाढली. भाव तोच आहे. हे काय झाले? १. मागणीचा विस्तार. २. मागणीतील वृद्धी. ३. पुरवठ्यातील वाढ.'

आता गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. मेरी बड रो या संशोधिकेने शिक्षकांचे तास तपासले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, असे तिला दिसले. तुम्ही घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट काढा. पुढच्या बाकावरची हुशार मुलगी हात वर करेल. तिला नजरेनेच थांबवा. मग सगळ्यांनी एकाच वेळी उत्तराचा आकडा बोटांनी दाखवायचा, हात छातीशी धरून, म्हणजे मागच्याला दिसत नाही आणि नक्कल होत नाही.

बोटांवरून नजर फिरवा, अंदाज पुरे. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रुळवलेल्या पद्धतीतला ठोकताळा इथे कामी येतो. तीस टक्क्यांहून कमी मुले बरोबर असतील तर मुद्दा पुन्हा शिकवा. सत्तरच्या वर असतील तर दोन वाक्यांत उत्तर सांगून पुढे जा. मधला आकडा आला, तर उत्तर सांगूच नका. वेगळे उत्तर देणारा शेजारी शोधून त्याला पटवा, एवढेच सांगा. दोन-तीन मिनिटे वर्गात गोंगाट होईल. शेजारच्या वर्गातले सर डोकावतील, डोकावू देत. तेवढ्यात बाकांमधून फिरून ऐका. कुणीतरी म्हणत असते, 'अरे, भाव बदलला तरच विस्तार, इथे भाव तोच आहे ना!' ते वाक्य तुमच्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा शेजाऱ्याला लवकर पोचते. मग पुन्हा बोटे, आणि आता तुमचे स्पष्टीकरण. लगेच पाठोपाठ उलटा प्रश्न टाका: दुकानदाराने तीच जीन्स ६०० वरून ४५० ला लावली आणि विक्री वाढली, तर?

आपल्या पट्ट्यात भाषेचा मुद्दा टाळता येत नाही. एकाच बाकावर मराठी, सिंधी, हिंदी असते आणि पेपर इंग्रजीत. वाद कुठल्याही भाषेत घालू द्या. वहीत शेवटचे एक वाक्य मात्र पेपरच्या भाषेत लिहायला लावा.

शेवटची दोन मिनिटे चिठ्ठीची: आज काय कळले नाही? नाव नको. एवढ्या चिठ्ठ्या वाचायच्या कधी, असे वाटेल, पण नीट वाचायच्याच नाहीत. अंबरनाथहून कल्याण येईपर्यंत त्यांचे दोन-तीन गठ्ठे होतात, आणि सगळ्यात जाड गठ्ठा हा उद्याचा पहिला प्रश्न.

सिलॅबस कसा संपणार? नोट्स उतरवून देणे बंद करा. त्या आधीच झेरॉक्सवाल्याकडे ठेवा. वेळ तिथूनच निघतो.

हे महिनाभर अंगवळणी पडले की सत्रातून एकदाच वर्ग बाहेर न्या. यासाठी वालधुनी नदीसारखा विषय नाही. काकोळ्याच्या डोंगरातून निघून ती अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते, पुढे उल्हासनगरातून जाताना तिचे काय होते ते मुलांनी नाकाने अनुभवलेलेच आहे. एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमधल्या शाळांसाठी आखलेली 'जिगसॉ' पद्धत वापरा. चार-चार जणांचे गट करा. गटातल्या प्रत्येकाकडे एक बाजू: कारखानदार, तिथला कामगार, नदीकाठचा रहिवासी, पालिका. सगळ्या गटांतले 'कामगार' आधी एकत्र बसून आपली बाजू पक्की करतात, मग आपापल्या गटात परतून इतरांना ती शिकवतात. एकाने काम करायचे आणि तिघांनी नाव लावायचे, हे यात जमत नाही. इतिहासवाल्यांनी हाच खेळ शिवमंदिरावर मांडावा. तिथल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०, आणि मंदिर कुणी, कशासाठी बांधले यावर चार बाजू सहज निघतात.

नदीवर जायचे तर प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या. पावसाळा टाळा, आणि पाण्यात कुणालाही उतरू देऊ नका. लांबून बघितले तरी पुरते.

गुण देताना अहवालाला कमी आणि तोंडी प्रश्नाला जास्त द्या. प्रश्न मुलाच्या स्वतःच्या बाजूवर नको, गटातल्या दुसऱ्याच्या बाजूवर विचारा. त्याने ऐकले की नाही ते लगेच कळते. आणि वर्गात वाद झालेल्यांपैकी एक प्रश्न, आकडे बदलून, अंतर्गत परीक्षेत टाका. नाहीतर दुसऱ्या महिन्यात मुले विचारतात, 'मॅडम, हे परीक्षेला आहे का?' आणि 'नाही' म्हटले की बोटे वर येणे थांबते.