लघुग्रहांची खनिजे : परावर्तित प्रकाशाची साक्ष

सूर्यमालेतील लाखो लघुग्रह आज ज्ञात आहेत. परंतु 2023 अखेरपर्यंत अवकाशयानांनी नमुने पृथ्वीवर आणले, ते केवळ इटोकावा, र्युगू आणि बेन्नू या तिघांचे. मग इतरांची घडण कशी ओळखायची? त्यासाठी मुख्य आधार आहे तो त्यांच्यावरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपटाचा.

तत्त्व

लघुग्रह स्वयंप्रकाशी नसतात. पृष्ठभागावरील खनिजे सूर्यप्रकाशातील विशिष्ट तरंगलांबींचे शोषण करतात व उरलेला प्रकाश परावर्तित होतो. या प्रकाशाच्या वर्णपटास सूर्यसदृश ताऱ्याच्या वर्णपटाने भागले, की सूर्याचा आणि बव्हंशी वातावरणाचा प्रभाव वगळला जातो; उरतात ते खनिजांचे शोषणपट्टे. पायरॉक्सिनमधील लोह-आयनांमुळे 1 व 2 मायक्रॉनच्या आसपास दोन पट्टे उमटतात. ऑलिव्हिनचा 1 मायक्रॉनच्या किंचित पुढे एकच रुंद पट्टा असतो. जलयुक्त खनिजे 3 मायक्रॉनच्या सुमारास ओळखू येतात. चांद्रयान-1 वरील नासाच्या उपकरणास चंद्रावर पाणी व हायड्रॉक्सिल यांच्या खुणा आढळल्या, त्याही याच पट्ट्यात; हे निष्कर्ष 2009 मध्ये जाहीर झाले. धातुरूप लोहास मात्र ठळक पट्टा नसल्याने त्याविषयीचे अनुमान कठीण ठरते.

अनुमान आणि पडताळा

1970 मध्ये थॉमस मॅककॉर्ड व सहकाऱ्यांना व्हेस्टाच्या वर्णपटात पायरॉक्सिनचा पट्टा आढळला. तो बेसाल्टसदृश अशनींच्या वर्णपटाशी जुळत होता. 2011-12 मध्ये व्हेस्टाची परिक्रमा करणाऱ्या डॉन यानाच्या निरीक्षणांनी या संबंधास पुष्टी दिली.

‘एस’ वर्गाच्या लघुग्रहांचे कोडे मात्र दीर्घकाळ सुटले नव्हते. पृथ्वीवर सर्वाधिक आढळणाऱ्या सामान्य कॉन्ड्राइट अशनींशी त्यांचे साम्य दिसे. पण त्यांचा वर्णपट अधिक तांबूस आणि पट्टे फिकट असत. सौरवात व सूक्ष्म अशनींच्या माऱ्याने कणांवर लोहाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात व वर्णपट बदलतो, असे स्पष्टीकरण पुढे आले. यास ‘अवकाशीय अपक्षय’ म्हणतात. हा परिणाम लक्षात घेऊन 2001 मध्ये इटोकावाची घडण ‘एलएल’ कॉन्ड्राइटसारखी असल्याचे अनुमान वर्तवण्यात आले. जपानच्या हायाबुसा यानाने 2010 मध्ये आणलेल्या धूलिकणांनी ते खरे ठरवले. त्या कणांवर लोहाचे सूक्ष्म कणही सापडले.

वर्णपट केवळ पृष्ठभागाचा पातळ थर दाखवतो, अंतरंग नव्हे, ही या पद्धतीची मर्यादा होय. म्हणूनच दुर्बीण, प्रयोगशाळेतील अशनी आणि प्रत्यक्ष नमुने या तिन्ही पुराव्यांचा मेळ बसल्यावरच निष्कर्ष विश्वसनीय ठरतो.