शौचाला जायला लाज कसली?



भित्तिपत्रकासाठी आरोग्यावर लेख लिहायचे ठरले, तेव्हा वर्गात कोणी दात घेतले, कोणी डोळे, कोणी नखे. मी उभी राहून म्हणाले, "बाई, मी शौचावर लिहिते." सगळा वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "लिही. आणि हसणाऱ्यांना आधी वाचायला लाव." म्हणून हा लेख.

आमच्या घरची गोष्ट

माझा धाकटा भाऊ दुसरीत आहे. मागच्या वर्षी पावसाळ्यात तो सारखा पोट धरून बसायचा. जेवण कमी झाले. चिडचिड वाढली. मग त्याची चड्डी खराब होऊ लागली. मुले त्याच्याजवळ बसेनात, नाक धरू लागली. वडील म्हणाले, "एवढा मोठा घोडा झाला, कळत नाही का?" एकदा त्याला मारही बसला. आईला वाटले जुलाब होताहेत, म्हणून तिने त्याचे जेवण बंद करून नुसती पेज दिली. आजी म्हणाली, "पोटात मळ साचलाय, एरंडेल द्या." एरंडेल दिले. रात्रभर पोटात कळा येऊन पोरगं रडलं, पण दोन दिवसांनी पुन्हा तेच.

शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी त्याला झोपवून पोट चाचपले आणि आईचा हात डाव्या बाजूला खाली ठेवून म्हणाले, "लागतंय का काही?" आई म्हणाली, "गोळ्यासारखं लागतंय." डॉक्टर म्हणाले, "तो साठलेला मळ आहे. हा जुलाब नाही. घट्ट मळाच्या बाजूने पातळ मळ झिरपतो. ते त्याला कळतही नाही आणि थांबवताही येत नाही. ह्यात त्याची काही चूक नाही."

आई घरी येईपर्यंत काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने भावाला जवळ घेतले.

मलावरोध म्हणजे काय?

मलावरोधाला बद्धकोष्ठ किंवा बद्धकोष्ठता असेही म्हणतात. रोज सकाळी झाले नाही म्हणजे लगेच मलावरोध झाला असे नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, इथपर्यंत निरोगी माणसाची सवय असू शकते. पण मळ घट्ट खड्यासारखा होतो, कुंथावे लागते, दुखते, पोट मोकळे झाल्यासारखे वाटत नाही, आठवड्यातून तीनपेक्षाही कमी वेळा होते, तेव्हा त्याला मलावरोध म्हणावे.

अंगावर पिणाऱ्या बाळाची गोष्ट वेगळी. पहिल्या महिन्यानंतर असे बाळ कधी कधी चार-पाच दिवस शी करत नाही. शी मऊ असेल, बाळ पीत असेल, खेळत असेल तर काळजीचे कारण नसते.

अन्नाचा प्रवास

आपण घास गिळला की तो जठरात जातो. तिथून लहान आतड्यात. मोठ्या माणसाचे लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते. तिथे अन्नातला सत्त्वांश रक्तात शोषला जातो. उरलेला चोथा मोठ्या आतड्यात जातो. त्याची लांबी सुमारे दीड मीटर. मोठ्या आतड्याचे मुख्य काम म्हणजे चोथ्यातले पाणी शोषून घेणे.

आता कुंभाराचा चिखल आठवा. ओला आहे तोवर हवा तसा वळतो. दोन दिवस उन्हात राहिला की दगड. मळाचेही तसेच. तो आतड्यात जितका जास्त वेळ राहील तितके पाणी शोषले जाईल आणि तो तितका घट्ट होईल.

मग तो अडकतो का?

१) शौचाची भावना दाबून ठेवणे. मुलांमध्ये हे सर्वांत मोठे कारण आहे. भावाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "ताई, शाळेतल्या संडासात अंधार असतो. कडी लागत नाही. पाणी पण नसतं." म्हणून तो घरी येईपर्यंत दाबून धरायचा. मळ घट्ट झाला. एकदा जाताना खूप दुखले, रक्ताचा थेंब दिसला. त्या भीतीने तो आणखी दाबू लागला. असे हे रहाटगाडगे. गुदाशय ताणला जातो आणि ताणून ताणून "आता लागली" हा निरोपच नीट येईनासा होतो.

मुलींनो, आपणही हेच करतो. संडासला जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. त्याने मलावरोध होतो, शिवाय लघवीची जळजळही मागे लागू शकते.

२) चोथा कमी असलेले अन्न. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम आणि बाजरीत सुमारे ११ ग्रॅम तंतू म्हणजे चोथा असतो. मैद्यात ३ ग्रॅमसुद्धा नसतो. आणि आपण काय करतो? भाकरी नको म्हणतो आणि बिस्किटाचा पुडा मागतो.

३) पाणी कमी पिणे, आणि दिवसभर एका जागी बसून राहणे. काही औषधांनी आणि आजारांनीही मलावरोध होतो. ते डॉक्टरांनीच पाहावे.

एका सर्जनचे निरीक्षण

डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन आफ्रिकेत युगांडा देशात अनेक वर्षे काम करत होते. तिथल्या खेड्यांतले लोक जाडेभरडे, चोथ्याचे अन्न खात. त्यांच्यात मलावरोध फार कमी दिसे. अन्न पोटातून बाहेर पडायला किती वेळ लागतो हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले. ते १९७२ साली छापून आले. आफ्रिकेतल्या खेडुतांना सुमारे दीड दिवस लागे, तर पांढरा पाव खाणाऱ्या इंग्रजांना तीन दिवसांच्या आसपास. आपल्या आजीच्या भाकरीला असे शास्त्राचे पाठबळ आहे.

करून पाहा

प्रयोग पहिला : एक पेला पाण्यात चमचाभर इसबगोल टाका. दहा मिनिटांनी पाहा. पाणी धरून ते फुगते आणि बुळबुळीत होते. पालेभाजीतला, फळातला, डाळीतला काही चोथा आतड्यात असेच पाणी धरून ठेवतो. म्हणून मळ मऊ राहतो. (इसबगोल कोरडे तोंडात टाकू नये, घशात अडकते. लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.)

प्रयोग दुसरा : उकडलेला मका खा आणि दिवस-वेळ वहीत लिहा. दाण्याचे साल पचत नाही, त्यामुळे ते शौचात दिसते. किती वेळाने दिसले? साधारण एक-दोन दिवस लागतात. वही कोणाला दाखवली नाही तरी चालेल!

उपाय

डॉक्टरांनी भावाला पाण्यात विरघळणारी पावडर दिली आणि आईला बजावले, "आठ दिवसांत पोट साफ झालं म्हणून थांबवू नका. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. मी सांगेन तेव्हाच हळूहळू कमी करायची." औषधाबरोबर सांगितलेल्या गोष्टी अशा :

• जेवणानंतर ५ ते १० मिनिटे शौचास बसणे. पोटात अन्न पडले की आतडी आपोआप हालचाल करू लागतात. सकाळच्या न्याहारीनंतरची वेळ उत्तम.

• उकिडवे बसणे चांगले. खुर्चीसारखे भांडे असेल तर पायाखाली पाट घ्यावा, म्हणजे गुडघे वर येतात आणि वाट सरळ होते.

• लागली की जावे. थांबवू नये.

• भाकरी, मटकीची-चवळीची उसळ, मेथी, शेपू, पेरू, पपई, भिजवलेले काळे मनुके खावे. शालेय पोषण आहारातली भाजी बाजूला काढू नये. चोथा एकदम वाढवू नये, पोट फुगते. हळूहळू वाढवावा आणि बरोबर पाणी प्यावे.

• दिवसातून सहा-सात पेले पाणी. उन्हाळ्यात जास्त.

• रोज खेळावे.

• रागावू नये, मारू नये. बसला की शाबासकी द्यावी. आईने कॅलेंडरवर फुली करायला सांगितली. भाऊ रोज स्वतः फुली करायचा.

हे मात्र करू नये : मुलांना एरंडेल किंवा जुलाबाची औषधे मनाने देऊ नयेत. बाळाला विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी लावण्याची पद्धत आहे, तीही सोडावी. नाजूक कातडीला इजा होते, साबणाने आग होते.

डॉक्टरकडे लगेच केव्हा जावे?

पोट फुगून टणक झाले, हिरवी उलटी झाली, पोटात जोराची कळ थांबेना, मळातून बरेच रक्त गेले, वजन घटू लागले, ताप आला, पाय लुळे वाटू लागले, किंवा बाळाला जन्मापासूनच त्रास असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. मोठ्या माणसांची जुनी सवय अचानक बदलली तरी तपासून घ्यावे.

आपल्या शाळेत काय झाले?

मी हे सगळे बाईंना सांगितले. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळेत मुलांसाठी व मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे असावी लागतात. आपल्याकडे ती आहेत, पण नुसती असून काय उपयोग? गुरुजींनी कडी बसवून घेतली. सातवीच्या मुलामुलींनी पाण्याचे पिंप भरण्याची पाळी लावली. तासाला कोणी बोट वर केले तर "आत्ताच बरी लागली!" असे म्हणायचे नाही, असे ठरले. दिव्याचे काम अजून व्हायचे आहे. पालकांनी मनावर घ्यावे ही विनंती.

माझ्या भावाची चड्डी दिवाळीनंतर खराब झालेली नाही. तो आता भाकरीचा पापुद्रा आधी खातो आणि मधल्या सुट्टीत मुले त्याला कबड्डीत घेतात. त्याला विचारून मगच मी हे लिहिले आहे. तो म्हणाला, "लिही ताई, पण नाव नको."

उत्तरे सांगा पाहू

१. मोठ्या आतड्याचे मुख्य काम कोणते?
२. मळ दाबून ठेवला तर तो घट्ट का होतो?
३. चड्डी खराब होणाऱ्या मुलाला हसणे चूक का आहे?
४. आज तुम्ही किती पेले पाणी प्यालात?