नौकेचे होकायंत्र व दिशासंवेदक : तपासणी आणि जुळणी

यांत्रिक मच्छीमार नौकेवर होकायंत्राच्या जोडीला आता इलेक्ट्रॉनिक दिशासंवेदकही बसविला जातो. पडद्यावर आकडा स्पष्ट उमटतो, म्हणून तो अचूकच असेल असा समज होतो. वस्तुतः नेहमीच्या वापरातील असा संवेदकही होकायंत्राप्रमाणेच पृथ्वीच्या चुंबकत्वावर चालतो, आणि नौकेवरील लोखंड दोहोंनाही फसविते.

चुकीची कारणे दोन आहेत. भौगोलिक उत्तर व चुंबकीय उत्तर यांतील फरक म्हणजे दिक्पात; तो सागरी नकाशावर दिलेला असतो. गोव्याच्या किनाऱ्यावर तो दोन अंशांहूनही कमी आहे. इंजिन, विंच, वीजतारा, ध्वनिवर्धक यांमुळे पडणारा फरक म्हणजे विचलन. ते प्रत्येक नौकेचे निराळे असते व नौकेचे तोंड फिरेल तसे बदलते. म्हणून येथे खरी दक्षता विचलनाबाबतच घ्यावी लागते.

तपासणी शांत समुद्रात, सर्व सामान नेहमीच्या जागी ठेवून व यंत्रे चालू करून करावी. नकाशावर नोंदलेल्या किनाऱ्यावरील दोन खुणा एका रेषेत आणून नौकेचे तोंड त्यांच्याकडे धरावे. समजा, त्या रेषेची दिशा ०९० अंश व दिक्पात पश्चिमेस १ अंश आहे. म्हणजे चुंबकीय दिशा ०९१ अंश झाली. होकायंत्र ०९६ दाखवीत असेल, तर विचलन पश्चिमेस ५ अंश होय. याकडे दुर्लक्ष करून ३० सागरी मैल आलेली नौका अडीच मैलांहून अधिक बाजूस जाते. रात्री किंवा पावसात बंदराकडे परतणाऱ्या तांडेलास खडकावर नेण्यास एवढी चूक पुरेशी आहे.

जुळणीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा :

(१) लोखंडी हत्यारे व मोबाईल संच दोन्ही यंत्रांपासून दूर ठेवावेत.

(२) होकायंत्राचे दुरुस्ती-चुंबक जाणकाराकडून लावून घ्यावेत.

(३) आठ दिशांचे उरलेले विचलन तक्त्यात लिहून तो सुकाणूजवळ लावावा.

(४) त्यानंतरच संवेदकाची जुळणी करावी. चुंबक मागाहून हलविल्यास ती बिघडू शकते. उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार नौका संथ व समान गतीने पूर्ण वर्तुळात फिरवावी. शेवटी ज्ञात दिशेशी आकडा जुळवावा.

उपग्रहाधारित यंत्र नौका कोणीकडे सरकते ते सांगते, तिचे तोंड कोठे आहे ते नव्हे. वारा व प्रवाह असताना त्यावरून जुळणी करू नये.

इंजिन बदलल्यास, लोखंडी काम झाल्यास किंवा दोन यंत्रांतील नेहमीचा फरक बदलल्यास पुन्हा तपासणी करावी.