रंगीत निगेटिव्हवरील पोथी : रंगझाकेचा दोष आणि पाठनिश्चिती

हस्तलिखितांच्या अभ्यासकाच्या हाती आज मूळ पोथी क्वचितच येते. बहुधा येते ते तिचे छायाचित्र. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ३५ मि.मी. रंगीत फिल्मवर टिपलेली पोथ्यांची पाने आता स्कॅनरवर चढविली जात आहेत. अशा वेळी सबंध चित्रावर पसरणारी निळी, हिरवी वा पिवळी झाक हा केवळ तांत्रिक दोष नसून पाठचिकित्सेचाही प्रश्न आहे, एवढेच प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

प्रथम पोथीतील रंगांचा अर्थ पाहू. मजकूर काजळी शाईचा, दंड, ओवीक्रमांक वा समाप्तिलेख हिंगुळाचा आणि चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ, ही लेखकूंची रीत अनेक प्रांतांतील कागदी पोथ्यांत आढळते. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार याच रीतीचा अवशेष होय. येथील पिवळा रंग शोभेचा नाही. ‘हे वाचू नये’ अशी ती लेखकूची सूचना आहे.

ही सूचना माझ्या नजरेतून एकदा निसटली. एका खाजगी संग्रहातील पोथीची पाने स्वयंचलित रंगदुरुस्तीने स्कॅन केलेली होती. कागद पांढराशुभ्र दिसत होता. एका ओवीतील तीन पुसट अक्षरे झिजलेल्या शाईची समजून मी पाठभेद म्हणून नोंदविली. पुढे त्याच निगेटिव्ह नव्याने स्कॅन करता त्या अक्षरांवर पिवळा पट्टा दिसला. लेखकूने रद्द केलेला शब्द मी पाठ म्हणून स्वीकारला होता!

असे का व्हावे? रंगीत निगेटिव्हमधील सायन द्रव्य तांबड्याखेरीज थोडा हिरवा व निळा प्रकाशही शोषते. मॅजेंटा द्रव्य थोडा निळा शोषते. या उणिवेची भरपाई करण्यासाठी फिल्ममध्येच नारिंगी मास्क योजिलेला असतो. त्यातून निळा प्रकाश सर्वांत कमी पार होतो. मास्क वजा न करता प्रतिमा उलटविली, तर चित्र निळसर होते. उलट, स्वयंचलित दुरुस्ती चित्रातील सर्वांत उजळ भाग पांढरा मानते. हातकागद मुळात पिवळसर असतो. तो पांढरा करण्याच्या प्रयत्नात हरताळही फिकट होतो.

दोषाचे मूळ शोधताना पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

(१) स्कॅनर तपासावा. निर्दोष ठरलेली दुसरी निगेटिव्ह त्याच पद्धतीने स्कॅन करावी. तिच्यावरही तीच झाक आली, तर दोष यंत्राचा वा त्याच्या मांडणीचा. सपाट स्कॅनरच्या काचेवरील अंशांकनाची पट्टी धुळीने वा चौकटीने झाकली गेली नाही ना, हेही पाहावे.

(२) स्वयंचलित दुरुस्ती बंद करावी. दोन चित्रांमधील प्रतिमाविरहित नारिंगी भागावरून तिन्ही रंगघटकांचे प्रमाण ठरवावे आणि ते सबंध रिळासाठी कायम ठेवावे. प्रत्येक घटक १६ बिटांत जतन करावा.

(३) छायाचित्रणाचा प्रकाश ओळखावा. दिवसाच्या प्रकाशासाठी केलेल्या फिल्मवर साध्या बल्बने पिवळी-नारिंगी, तर ट्यूबलाइटने बहुधा हिरवट झाक येते. रिळात करड्या रंगाचे कार्ड वा मोजपट्टीची पांढरी कड असल्यास ती प्रमाण मानावी. कागद मात्र प्रमाण मानू नये.

(४) गडद भागात एक व उजळ भागात दुसरीच झाक दिसल्यास द्रव्ये विषम प्रमाणात उडाली असण्याचा संभव असतो. तेथे एकाच मापाची दुरुस्ती पुरत नाही. तिन्ही घटकांचे वक्र स्वतंत्रपणे जुळवावे लागतात. काजळी शाई जवळजवळ निखळ काळी असल्याने गडद टोकासाठी तिचा आधार घेता येतो.

एवढे करूनही रंगाविषयी शंका उरल्यास तिन्ही घटक स्वतंत्रपणे, कृष्णधवल चित्रांप्रमाणे पाहावेत. हरताळ निळा प्रकाश शोषतो. म्हणून निळ्या घटकात तो कागदाहून गडद उमटतो. हिंगूळ तांबडा प्रकाश परावर्तित करतो. म्हणून तांबड्या घटकात त्याची अक्षरे विरतात आणि काजळीची टिकून राहतात. तथापि बल्बच्या प्रकाशात निळा अंश अल्प असतो. फिल्मवर जे उमटलेच नाही ते कोणतीही दुरुस्ती परत आणू शकत नाही. शिवाय हरताळ प्रकाशाने फिका पडतो. म्हणून पिवळेपणाचा अभाव हा अक्षर ग्राह्य असल्याचा पुरावा होत नाही.

यास्तव संपादकाने मूळ स्कॅन दुरुस्तीविना जपून ठेवावा, केलेली दुरुस्ती प्रस्तावनेत नोंदवावी आणि पुसट अक्षरावर आधारलेला पाठभेद निळा घटक पाहिल्यावाचून स्वीकारू नये. सुबक दिसणारी प्रत विश्वसनीय असतेच असे नाही. पान पांढरे करण्याच्या हौसेपायी लेखकूच्या सूचनेलाच हरताळ फासला जाऊ नये.