यीस्टला चार दिवस आधी जागं कर

अगं, तुझी यादी वाचली. नवऱ्याचा चाळिसावा, अंगणात पन्नास माणसं, आणि नेहमीच्या 19 लिटरऐवजी या वेळी 38 लिटर बीअर. माल्ट दुप्पट, हॉप्स दुप्पट, नवं भांडंही आणलंस. आणि सगळ्यात शेवटी यीस्टच्या पुढे लिहिलंयस, "तेच एक पाकीट, चालेल ना ताई?"

नाही चालणार. म्हणजे बीअर होईल, पण पाहुण्यांपुढे ठेवावी अशी होणार नाही. का ते सांगते. पण त्याआधी तुझ्या यादीच्या खाली जे बारीक अक्षरात लिहिलंयस ते निकालात काढते.

डिसेंबरात आलीस की बारवी धरणाच्या रस्त्यावर कुणाचं तरी फार्महाऊस घेऊन आपण मिळून एक मोठा हंडा लावू, ही कल्पना डोक्यातून काढून टाक. तिकडे न्यू जर्सीत तुला मुभा आहे. अमेरिकेत 1978 साली कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्या वापरापुरती बीअर करायला मोकळीक मिळाली: एकट्या प्रौढ माणसाला वर्षाला 100 गॅलन, दोघं असाल तर 200. विकायची मात्र नाही. इकडे महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून जागच्या जागी आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते काळा गूळ-नवसागर घातलेलं हातभट्टीचं रसायन असो की तुझी ती संत्र्याच्या वासाची बेल्जियन बीअर. उत्पादन शुल्कवाल्यांना दोन्ही हंडे सारखेच. धरणावर आपण जाऊ, भाकरी-पिठलं बांधून जाऊ, पण हंडा नको. विषय संपला.

आता यीस्ट. माझी उभी हयात अंबरनाथ एमआयडीसीतल्या लॅबमध्ये पेट्री डिश मोजण्यात चालली आहे, त्यामुळे मी आकड्यांनीच सुरुवात करणार, कंटाळू नकोस. तू आणतेस त्या ओल्या यीस्टच्या ताज्या पाकिटात साधारण 100 अब्ज जिवंत पेशी असतात. एल जातीच्या बीअरचा सर्वमान्य हिशेब असा: दर मिलीलीटरला, साखरेच्या दर एक अंश प्लेटोला, साडेसात लाख पेशी. तुझं वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, 1.050 घनतेचं, म्हणजे साडेबारा अंशांच्या आतबाहेर. 38 लिटरला गुणून बघ, 350 अब्जांच्या आसपास येतं. तुझ्याकडे आहेत 100. तेही पाकीट ताजं असेल तर. ओलं यीस्ट फ्रिजमध्येसुद्धा महिन्याला पाचवा हिस्सा मरतं असं धरून चालतात, म्हणून पाकिटावरची तारीख आधी वाचत जा, किंमत नंतर. लागर लावायची असती तर याच्या दुप्पट पेशी लागल्या असत्या. ते या वर्षी काढूच नकोस.

आणि हो, हाच हिशेब 19 लिटरला लावलास तर तिथेही एक पाकीट अपुरंच होतं. आजवर निभावलं, कारण यीस्ट सोशिक असतं.

आई हे ऐकून म्हणेल, चमचाभर विरजणाने पातेलंभर दही लागतं की! लागतं. यीस्टही वाढतंच, 38 लिटरमध्येही वाढेल. पण बीअरची चव ही वाढ होतानाच घडत असते. थोड्या पेशींवर मोठं काम पडलं की त्यांना खूप वेळा दुभंगावं लागतं आणि त्या धावपळीत एस्टर आणि जड अल्कोहोल जास्त तयार होतात. मग केळ्याचा, नेलपेंट रिमूव्हरचा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची डोकी दुखतात. शेवटी दमलेल्या पेशी अर्धवट काम टाकून तळाशी बसतात आणि मागे हिरव्या सफरचंदाची किंवा लोण्याची चव राहते. शिवाय सुरुवातीचे कितीतरी तास वर्ट गोड आणि कोमट पडून राहतं, आणि तेवढ्यात हवेतला कुठलाही जंतू आधी जागा धरतो. जंतूंना आमंत्रण लागत नाही, हे मी रोज बघते.

यावर सगळ्यात सोपा उपाय तुला आवडणार नाही, तरी सांगते. सुकं यीस्ट घे. 11.5 ग्रॅमची दोन पाकिटं, फार तर तीन, आणि मोकळी हो. सुक्या यीस्टला कारखान्यातच चांगलं खाऊपिऊ घालून वाळवलेलं असतं, त्याला आधी वाढवायची गरज नसते. उलट स्टार्टरमध्ये, म्हणजे यीस्ट आधी वाढवायच्या माल्टच्या पाण्यात, घालून ती शिदोरी आधीच संपवणं हा वेडेपणा. पण तुला तेच बेल्जियन वाण हवंय आणि ते ओलंच मिळतं म्हणतेस. तर मग वाढव.

वाढवायचं टप्प्याटप्प्याने. औषध कंपन्यांत मोठ्या टाकीत कल्चर सोडायचं असतं तेव्हा कुणी परीक्षानळीतलं थेट टाकीत ओतत नाही. नळीतून फ्लास्क, फ्लास्कमधून छोटी टाकी, छोटीतून मोठी, दर पायरीला साधारण दहापट. आमच्याकडे सीड स्टेज म्हणतात. बीअरच्या जगात हे शिस्तीत आणलं कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतल्या एमिल ख्रिश्चन हानसेन यांनी, 1883 मध्ये. एकच पेशी वेगळी काढायची आणि तिचीच प्रजा वाढवत वाढवत अख्ख्या कारखान्याला पुरेल एवढी करायची. आणि कार्ल्सबर्गने ते यीस्ट लपवून न ठेवता इतर ब्रुअरींना देऊन टाकलं. मला या गोष्टीचं अजून नवल वाटतं.

तुला एवढं करायचं नाही. दोन लिटर पाण्यात 200 ग्रॅम सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट. याहून दाट करू नकोस. जास्त साखर दिली म्हणून यीस्ट जास्त वाढत नाही, उलट दबून जातं. साखर भरपूर दिसली की हवा असतानासुद्धा ते वाढायचं सोडून अल्कोहोल करायला बसतं. म्हणून तर पावाचं यीस्ट करणाऱ्या कारखान्यांत मळी थेंबथेंब सोडतात. आपल्याकडे बेकरीपुढून जाताना तो वास यायचा ना, त्या पावात पडायचं ते यीस्टही असंच सावकाश पोसलेलं.

हे पाणी मोठ्या पातेल्यात उकळ, काचेच्या फ्लास्कमध्ये नाही. माल्ट उतू जातं आणि शेगडीवर जे चिकटतं ते तुझ्या नवऱ्यालाच घासावं लागेल. पंधरा मिनिटं उकळलं की झाकून थंड कर, 20-22 अंशांपर्यंत. हाताला गार लागलं म्हणून टाकलं असं नको, थर्मामीटर लाव. चिमूटभर यीस्ट न्यूट्रिएंट घातलंस तर बरं. मग निर्जंतुक केलेल्या बरणीत ओत, पाकीट रिकामं कर, तोंडाला ॲल्युमिनियम फॉइल सैल लाव. सैल म्हणतेय, घट्ट नाही. गॅस बाहेर पडला पाहिजे आणि हवा आत गेली पाहिजे.

हलवण्यावर सगळं अवलंबून आहे. चुंबकाने सतत ढवळत राहणारी स्टर प्लेट असेल तर दोन लिटरमध्ये एका ताज्या पाकिटातल्या पेशी चोवीस ते छत्तीस तासांत साडेतीनशे अब्जांच्या वर जातात, म्हणजे तुझं काम एकाच फेरीत होतं. हाताने येता-जाता बरणी घुसळलीस तर वाढ निम्मीच धर. तेव्हा दोन फेऱ्या लागतील: पहिली बसली की वरचं पाणी ओतून टाकायचं आणि तळाच्या यीस्टवर पुन्हा दोन लिटर ताजं वर्ट. तुझ्या नवऱ्याला एवढी हौस आहे ना उचकपाचक करायची? जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, हार्डडिस्कमधली चुंबकं, फेव्हिक्विक आणि एक लाकडी खोका. वाढदिवस त्याचाच आहे, लागू दे हात.

मग फ्रिज. इथेच लोकांचा धीर सुटतो. ढवळणं थांबवलंस की बरणी गढूळ, पिठाळ ताकासारखी दिसेल. ती तशीच फ्रिजमध्ये ठेव, पूर्ण एक दिवस, जमल्यास दोन. वरचं पाणी आधी गढूळ, मग चहासारखं तपकिरी आणि आरपार होतं. तळाशी पांढरट साय बसते, कडेने बघितलंस तर तिला थर दिसतात: अगदी खाली जरा काळपट, मेलेल्या पेशी आणि माल्टचा चोथा, त्यावर स्वच्छ दुधाळ पट्टा. तो पट्टा तुझा. बोटभर जाड झाला म्हणजे चांगलं. वास घे, पावासारखा आणि किंचित आंबट यायला हवा. व्हिनेगर, रबर किंवा सडलेल्या भाजीसारखा आला तर सगळं ओतून टाक, हळहळ करत बसू नकोस.

बीअर लावायच्या दिवशी वरचं तपकिरी पाणी ओतून टाकायचं. ते दोन लिटर आणखी बीअर वाटतात तुला, माहीत आहे मला. पण हवा खाऊन खाऊन ते शिळ्या पुठ्ठ्यासारखं झालेलं असतं, आणि 38 लिटरमध्ये दोन लिटर म्हणजे वीस घोटांतला एक घोट. थोडंसं ठेव, त्यात साय हलवून सैल कर आणि खोलीच्या तापमानाला आलं की वर्टमध्ये सोड.

म्हणजे रविवारी बीअर लावायची तर बुधवारी रात्री स्टार्टर, शुक्रवारी सकाळी फ्रिज. हाताने घुसळणार असशील तर आदल्या रविवारीच सुरू कर. चार दिवस आधी हात ओले करायचे, म्हणून सगळे टाळतात, आणि मग बिघडलं की माल्टला दोष देतात.

खरं सांगू का, माझ्या मनातला रस्ता वेगळाच आहे. वाढदिवसाला अजून वेळ आहे. आधी नेहमीचे 19 लिटर लाव, हलकी, साडेचार-पाच टक्क्यांची, कमी हॉप्सची. ती बाटल्यांत भरलीस की तळाला जे उरतं, तो यीस्टचा चिखल तू आजवर फेकून देत होतीस. त्यात हव्या तेवढ्या पेशी असतात, आणि कामाला सरावलेल्या. निर्जंतुक बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेव आणि आठवड्याभरात, फार तर दोन आठवड्यांत वापर. दाट चिखल असेल तर 38 लिटरला 300 मिलीलीटरच्या आसपास पुरतो. सगळा ओतू नकोस, गरजेपेक्षा फार जास्त यीस्ट पडलं तरी चव पचपचीत होते. स्टार्टरचा खर्च नाही, ढवळणं नाही, आणि वर प्यायला 19 लिटर तयार. जोरदार अल्कोहोलच्या किंवा काळ्या बीअरचं यीस्ट मात्र पुढे चालवू नकोस.

पाण्याचं विसरू नकोस. आपल्याकडे बारवीचं पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन येतं, त्यात क्लोरीन असतंच, पण ते उकळल्यावर उडून जातं. तुमच्याकडे काही ठिकाणी क्लोरामाइन घालतात, ते उकळूनही हट्टाने राहतं आणि माल्टमधल्या फिनॉलशी जुळलं की बीअरला बँडएडचा वास येतो. कॅम्पडेनची अर्धी गोळी 38 लिटरच्या पाण्यात चुरून टाक, काम झालं. तुमचं पाणी देणाऱ्या कंपनीचा वार्षिक अहवाल निघतो, त्यात काय घालतात ते छापलेलं असतं. बघ एकदा.

थंड झालेलं वर्ट भांड्यात ओततानाच हवा दे. उंचावरून धार सोड, मग भांडं दोन-चार मिनिटं जोरात हलव. यीस्टला पेशीचं आवरण बांधायला ऑक्सिजन लागतो, तो याच वेळी मिळतो. एकदा आंबायला सुरुवात झाली की मग हवा नको, झाकण उघडून डोकावणंही नको.

राहता राहिलं ते नवं भांडं. 38 लिटर एकाच भांड्यात आंबायला लागले की आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, खोलीपेक्षा चार-पाच अंश जास्त सहज चढतात. तू थर्मामीटर खोलीचा बघत बसशील आणि आत यीस्ट पेटलेलं असेल. मी असते तर ते भांडं फक्त उकळायला वापरलं असतं आणि आंबवायला तुझी जुनीच दोन भांडी घेतली असती, तळघरातल्या थंड फरशीवर, यीस्टचे दोन सारखे वाटे करून. वर फेसाला चौथा हिस्सा जागा रिकामी ठेव. हे बेल्जियन वाण फार उसळतं म्हणतात, नळी जाड लाव आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बादलीत सोड.

बरणी फ्रिजमध्ये बसली की कडेने फोटो काढून पाठव, थर दिसतील असा. रात्र असली तरी पाठव. इथे सकाळ असते आणि मी लॅबला निघायच्या आधी बघून सांगते, ओतायचं की ठेवायचं.