गिरणीबाहेरची लोकर: डिझायनर आणि रंगारी शोधण्याची कृती

दुकानातली गिरणीची लोकर आणि तिच्या वेष्टनावर छापलेला नमुना, एवढ्यावर अनेकींचं विणकाम सुरू होतं आणि तिथंच थांबतं. त्यापलीकडे घरबसल्या नमुने लिहून विकणारे डिझायनर आणि लहान पातेल्यांत लडी रंगवणारे रंगारी आहेत. फोटो सगळ्यांचेच देखणे असतात. म्हणून फोटोवर भुलू नका; विकणाऱ्यानं काय काय लिहून दिलंय ते बघा.

लागणारं साहित्य: ‘रॅव्हलरी’ या विणकामाच्या संकेतस्थळावरचं मोफत खातं, मोजपट्टी, वही, जवळच्या सुया किंवा क्रोशाची सुई, पांढरं सुती फडकं.

१. आधी वस्तू ठरवा. नव्या डिझायनरची पारख स्वेटरवर करू नका. बाळंतविड्यातलं टोपडं, मोजे किंवा गळपट्टा घ्या. एका लडीत भागतं आणि लिहिण्याची पद्धत कळते.

२. शोध घ्या. जेसिका आणि कॅसिडी फोर्ब्स यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या रॅव्हलरीवर वस्तू, लोकरीची जाडी, लागणारे मीटर, सुयांचं की क्रोशाचं काम, अशी चाळण लावता येते. २००२ पासून चालणाऱ्या ‘निटी’ या ऑनलाइन मासिकात वेगवेगळ्या डिझायनरचे नमुने मोफत मिळतात. पैसे न घालता हात तपासायला ते उत्तम.

३. एका धाग्यावरून दुसरा धरा. नमुना आवडला की तो इतरांनी विणलेला कसा दिसतो ते रॅव्हलरीवर पाहा. कोणती लोकर वापरली, कुठं अडलं, हे विणणाऱ्या तिथंच लिहून ठेवतात. त्यातून रंगाऱ्याचं नाव मिळतं. त्या रंगाऱ्याच्या लोकरीवर आणखी कुणी काय विणलं ते पाहिलं की नवे डिझायनर सापडतात. हीच या शोधाची खरी किल्ली.

४. नमुन्याची झडती घ्या. पैसे भरण्याआधी माहितीत एवढं असायलाच हवं: किती मीटर लोकर, १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि ओळी, तयार वस्तूची मापं. इतरांकडून आधी विणून तपासून घेतलेला नमुना असेल तर अधिक चांगलं. क्रोशाचा नमुना अमेरिकन पद्धतीचा की ब्रिटिश, हेही पाहा. आपल्या मुक्या खांबाला अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘डबल’. अमेरिकन ‘डबल’ म्हणजे आपला साधा खांब. इथं घोटाळा झाला तर टोपडं बाहुलीला होईल.

५. रंगाऱ्याला पारखा. धागा कशाचा, वजन किती, लांबी किती मीटर, धुवायचा कसा, हे प्रत्येक लडीसोबत लिहिलेलं हवं. ‘सुपरवॉश’ मेरिनो यंत्रात धुता येते, पण धुतल्यावर सैलावते. मुंबई-कोकणात वापरायची वस्तू असेल तर सुती किंवा लिनन मिश्रण शोधा. हातानं रंगवलेल्या लोकरीची ओळख करून घ्यायला उरुग्वेची दोन नावं सोयीची: १९६८ पासून ग्रामीण कारागीर स्त्रियांच्या सहकारी संस्था चालवणारं ‘मानोस देल उरुग्वाय’ आणि ‘मालाब्रिगो’. ही घराणी आता मोठी झाली आहेत. रंगांची समज आली की लहान रंगाऱ्यांकडे वळा. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच लडीचा भाव काढा.

६. हिशेब मीटरमध्ये करा. ग्रॅमवर जाल तर फसाल, कारण जाड धागा १०० ग्रॅममध्ये कमी लांब असतो. शालीला ८०० मीटर लागत असतील तर दहा टक्के वाढवून ८८० धरा. लडी ४०० मीटरची असेल तर दोन नव्हे, तीन घ्या आणि एकदमच घ्या. पुढच्या खेपेला तोच रंग तस्साच उतरेल याची खात्री नसते.

७. लडी आली की लगेच सुया उचलू नका. आधी गुंडी करा. लडीवरूनच विणायला बसाल तर गुंता ठरलेला. टीचभर धागा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबा. रंग लागला तर ती लोकर पांढऱ्यासोबत विणू नका, बाळाच्या वस्तूला तर नकोच, रंगाऱ्याला कळवा. मग वीतभर रुंद तुकडा विणा, धुवा, वाळवा आणि तेव्हाच टाके मोजा.

८. दोन लडी आलटूनपालटून विणा. एकाच खेपेच्या लडींतही छटा कमीजास्त असते. दोन ओळी एकीच्या, दोन दुसरीच्या, असं केलं की मध्येच पट्टा उमटत नाही.

९. नोंद ठेवा. रंगारी, रंगाचं नाव, सुईचा क्रमांक, उरलेली लोकर हे वहीत लिहा आणि रॅव्हलरीवरही टाका. तुमच्या नोंदीवरून पुढची विणकरीण हाच माग काढील.

शेवटची विनंती: विकत घेतलेल्या नमुन्याची पीडीएफ भिशीच्या किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. मैत्रिणीला आवडला तर डिझायनरचं नाव सांगा. नमुन्याची किंमत म्हणजे त्या माणसाची मजुरी आहे.