पुढची पाने उशिरा का उघडतात?

प्रश्न : यादीचे पहिले पान झटकन उघडते, हजारावे मात्र रखडते. असे का होते?

उत्तर : ऑफसेट, म्हणजे किती नोंदी सोडायच्या तो आकडा, दिला की डेटाबेसला थेट मधल्या नोंदीवर जाता येत नाही. पानावर 20 नोंदी असतील, तर हजाराव्या पानासाठी पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएल आधीच्या 19,980 नोंदी वाचून सोडून देते. इंडेक्समुळे क्रम लावण्याचे काम वाचते, हे मोजणे वाचत नाही.

त्याऐवजी मागच्या पानावरच्या शेवटच्या नोंदीची तारीख आणि आयडी पुढच्या विनंतीसोबत पाठवावेत, आणि `where (tarikh, id) < (?, ?)` अशी अट घालून त्याच उतरत्या क्रमाने 20 नोंदी मागाव्यात. दोन्ही रकान्यांवर मिळून एकच इंडेक्स हवा. मग पोस्टग्रेएसक्यूएलला बी-ट्रीमधून नेमकी जागा सापडते आणि पान कितवेही असो, काम जवळपास तेवढेच राहते. नुसती तारीख घेऊ नये. एकाच क्षणाच्या दोन नोंदी पानाच्या सीमेवर आल्या, तर एक कायमची निसटते, आणि ही चूक सहज लक्षातही येत नाही. मधल्या काळात नवी नोंद आली, तरी जुनी नोंद पुन्हा दिसत नाही.

या पद्धतीत थेट 57व्या पानावर जाता येत नाही. मोजक्या पानांच्या यादीला ऑफसेट पुरतो.